सही कुणाची?

डिसेंबरातला दिवस होता. नीतिशास्त्राचा तास संपवून मी विभागात आलो. विभाग म्हणजे ग्रंथालयाच्या मागची एक खोली, दोन टेबलं, एक कपाट आणि दारावर 'तत्त्वज्ञान विभाग' अशी पाटी. पटावर ३२ नावं होती, वर्गात सात मुलं. मॅडम हजेरीपट उघडून बसल्या होत्या आणि एकेका नावापुढे 'पी' लिहीत होत्या. न थांबता, ओळीने, शेंगा सोलाव्यात तसं.

माझी तासिका तत्त्वावरची ती पहिलीच टर्म. त्याच विभागात मी बी.ए. झालो होतो, याच मॅडमनी मला तर्कशास्त्र शिकवलं होतं, म्हणून त्या मला अजून अरे-तुरेच करायच्या. त्या दिवशी मी वर्गात कांट शिकवून आलो होतो. खोटं बोलणं कुठल्याही परिस्थितीत गैरच, हे त्याचं म्हणणं. मुलं भांडली होती, मजा आली होती. आणि इथे समोर हे.

"मॅडम, ही मुलं तर..."

"ऊस तोडायला गेलीत. माहितीये मला." पेन थांबलं नाही. "तू शिकव. हजेरीचं मी बघते."

इतकंच बोलणं झालं. पण त्या वाक्यातलं 'मी बघते' सहा वर्षं माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. कारण मॅडम फक्त हजेरीचंच नव्हे, सगळ्याचंच बघायच्या. आणि त्यांचं कोण बघत होतं, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नव्हता. मलाही नाही.

कला शाखेतला विभागप्रमुख म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. आमच्याकडे या पदाला वेगळा पगार नाही, शिपाई नाही, कारकून नाही. सेवाज्येष्ठतेने ते गळ्यात पडतं. २०१८च्या यूजीसी नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापकाने १४ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. प्रमुखाचं काम त्याच्या वर. जूनमध्ये गावोगाव फिरून प्रवेश मिळवायचे. वेळापत्रक. अंतर्गत गुण. नॅकसाठी फायली, फोटो, फोटोवर तारीख. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवीन शैक्षणिक धोरण आलं, त्याबरोबर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञानप्रणाली आणि प्रत्येक मुलाचं क्रेडिटचं खातं. ज्या मुलीकडे स्वतःचा फोन नाही तिचा ओटीपी भावाच्या फोनवर येतो, भाऊ कारखान्यावर असतो, आणि मॅडम त्याला फोन करून सांगत असतात, "बाळा, आत्ता मेसेज आला असेल, सहा आकडे सांग."

या सगळ्याच्या मुळाशी एक साधं गणित आहे. मुलं असतील तर तास, तास असतील तर वर्कलोड, वर्कलोड असेल तर पद. मुलं घटली की पद जातं, पद गेलं की विषय बंद. भौतिकशास्त्राला हे गणित लागू नाही असं नाही, पण 'भौतिकशास्त्र कशाला हवं' असं तालुक्याच्या गावात कुणी विचारत नाही. तत्त्वज्ञानाला दरवर्षी विचारतात. कधी कधी तत्त्वज्ञान घेतलेल्या मुलांचे वडीलच विचारतात.

म्हणजे मॅडम जे 'पी' लिहीत होत्या ते एका वेळी तीन गोष्टींसाठी होतं. ७५ टक्के हजेरी नसेल तर मुलांची परीक्षा आणि शिष्यवृत्ती अडते, म्हणून मुलांसाठी. विषय टिकावा म्हणून. आणि माझी तासिका टिकावी म्हणूनही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. माझ्या हातात महिन्याअखेरीस (खरं तर बऱ्याच महिन्यांच्या अखेरीस) जे पैसे पडायचे, ते त्या 'पी'मधून येत होते.

यावर दोन सोपी उत्तरं आहेत. मी दोन्ही वर्गात शिकवतो.

पहिलं कांटचं. १७९७ साली त्याने एका छोट्या निबंधात तो प्रसिद्ध प्रसंग घेतला आहे : तुमचा मित्र तुमच्या घरात लपलाय, खुनी दारात येऊन विचारतो, तो आत आहे का? तरीही खोटं बोलायचं नाही, असं कांट म्हणतो. मुलांना हे ऐकून धक्का बसतो. मला मात्र आता त्या प्रसंगात वेगळीच गंमत दिसते. तिथे प्रश्न विचारणारा निदान माणूस आहे, दारात उभा आहे, त्याला चेहरा आहे. मॅडमना प्रश्न विचारणारा एक रकाना होता.

दुसरं उत्तर परिणामांचं. खोट्या हजेरीने कुणाचं काय वाईट झालं? मुलं पदवीधर झाली, विषय राहिला, एका तरुणाची भाकरी चालली. मग वाईट ते काय? स्टाफरूममध्ये बहुतेकांचं हेच मत असतं आणि ते चहाबरोबर सहज गिळता येतं.

काही वर्षं मलाही ते गिळता आलं. मग एक मुलगी भेटली.

ती आमचीच विद्यार्थिनी. दुसऱ्या वर्षी लग्न झालं, नवऱ्याबरोबर दोन हंगाम कोयत्यावर गेली, तिसरं वर्ष कसंबसं काढलं. निकाल घ्यायला आली तेव्हा मी अभिनंदन केलं. ती म्हणाली, "सर, मला काय येतंय? मी कागदावर रोज होते ना, म्हणून कुणी विचारलंच नाही कुठंय म्हणून."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशी परिणामांचं गणित उलटं फिरलं. दिवाळीनंतर आमच्या भागातली माणसं गावंच्या गावं रिकामी करून उसाला जातात, मार्च-एप्रिलला परततात. अर्धा वर्ग जातो. ही काही गुपित गोष्ट नाही, सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण आमच्या महाविद्यालयाच्या एकाही कागदावर ती नाही. कागदानुसार आमची मुलं डिसेंबरातही वर्गात बसून प्लेटो ऐकत होती. आणि जी मुलं वर्गात आहेत त्यांच्यासाठी वेगळं काही करायची गरज कुणाला? उन्हाळ्यात जादा तास कशाला? फडावर ऐकता येतील अशा ध्वनिफिती कशाला? मॅडमच्या मायेने मुलांना वाचवलं, आणि त्याच मायेने त्यांची अडचण पुसूनही टाकली. दोन्ही एकाच पेनाने.

याला आणखी एक बाजू आहे, ती कडू आहे. तेच 'पी' कामचोरही लिहितो. दुसऱ्या एका महाविद्यालयात मी असा विभाग पाहिलाय जिथे पट भरलेला होता आणि वर्षभर कुणी काही शिकवलं नव्हतं. प्रमुखांचा पेट्रोलपंप होता, ते तिथे असायचे. त्यांची नोंदवही आणि आमच्या मॅडमची नोंदवही शेजारी ठेवली तर फरक ओळखता येणार नाही. तपासायला आलेल्या समितीलाही येत नाही. जो माणूस मुलांसाठी झिजतो आणि जो मुलांना विकून खातो, त्या दोघांना कागद एकसारखंच गोरंगोमटं दाखवतो. खोट्याचं हे सगळ्यात मोठं नुकसान असावं : त्याने चांगल्या माणसाचं चांगलेपण सिद्ध करायची सोयच राहत नाही.

मग मॅडम चुकल्या का?

इथे मला प्रश्नाची घडणच खोटी वाटू लागते. आपण विचारतो, 'त्या माणसाने काय करायला हवं होतं?' जणू खोलीत एकच माणूस होता. आमचे प्राचार्य सुगीच्या काळात वर्गांवरून फेरी मारायचे, त्यांना रिकामे बाक दिसत नव्हते? संस्थाचालकांपैकी काहींचे मुकादमांशी घरोब्याचे संबंध, त्यांना ठाऊक नव्हतं पोरं कुठं असतात ते? ज्यांनी बाहेरून येऊन फायली तपासल्या त्यांची गाडी रस्त्यात बैलगाड्यांच्या रांगेमागे अडकली होती, स्वागताच्या भाषणात त्यांनीच तो किस्सा सांगितला. म्हणजे माहीत सगळ्यांना होतं. सही मात्र एकीचीच.

महाभारतातला 'नरो वा कुंजरो वा' हा प्रसंग आपण युधिष्ठिराच्या खोट्याची गोष्ट म्हणून सांगतो. मला तो आता या हजेरीपटाशेजारी ठेवून वाचावासा वाटतो. द्रोणांना थांबवायचं तर अश्वत्थामा मेला असं त्यांना कळायला हवं, ही युक्ती कृष्णाची. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला भीमाने. अर्जुनाला बेत पटला नव्हता, बाकीच्यांनी मान डोलावली. पण द्रोण विश्वास ठेवणार कुणावर? भीमावर नाही. म्हणून ते वाक्य युधिष्ठिराच्या तोंडी आलं. बेत सगळ्यांचा होता, हवी होती ती फक्त एकाची पत. आणि जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा रथ खाली आला तो एकट्या युधिष्ठिराचा. भीमाच्या रथाला काही झालं नाही, तो आधीच जमिनीवर होता.

शिक्षणसंस्था आपल्या चांगल्या प्रमुखांशी हेच करतात. पेट्रोलपंपवाल्या प्रमुखाच्या सहीला बाजारात किंमत नसते. किंमत असते ती मॅडमच्या सहीला, कारण तीस वर्षं त्या वेळेवर वर्गात गेलेल्या असतात. संस्था ती किंमत थोडी थोडी करून वापरते. आणि निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ देते.

कांटबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी, ती बी.ए.च्या पुस्तकात नसते. हा माणूस नुसता पुस्तकी नव्हता. कोनिग्सबर्ग विद्यापीठाचा तो दोनदा, १७८६ आणि १७८८ साली, रेक्टर होता. म्हणजे बैठका, कागद, सह्या, सगळं त्याच्याही वाट्याला आलं. १७९४ मध्ये प्रशियाच्या राजाने त्याला दटावलं की धर्माविषयीचं तुझं लिखाण बंद कर. कांटने लिहून दिलं की महाराजांचा निष्ठावान प्रजाजन म्हणून मी आता धर्मावर बोलणार नाही. १७९७ मध्ये राजा वारला. १७९८ मध्ये कांटने 'विद्याशाखांचा कलह' हे पुस्तक काढलं आणि प्रस्तावनेत स्वतःच सांगून टाकलं की 'महाराजांचा प्रजाजन' हे शब्द मी जाणूनबुजून निवडले होते, वचन त्या राजाच्या हयातीपुरतं होतं. कसलंही खोटं न चालवून घेणाऱ्या माणसाचं हे नरो वा कुंजरो वा! मला यात ढोंग दिसत नाही. म्हातारा एकटा होता आणि समोर राजा होता, एवढंच दिसतं.

त्याच पुस्तकात त्याची मागणी आहे. धर्म, कायदा आणि वैद्यक या 'वरच्या' शाखा. राज्याला त्यांची गरज, म्हणून राज्य त्यांना हुकूम देतं. तत्त्वज्ञानाची शाखा 'खालची'. आपण आज ज्याला कला शाखा म्हणतो त्यातलं इतिहास, भाषा वगैरे बरंचसं तेव्हा तिच्यातच यायचं. कांट म्हणतो, या खालच्या शाखेचं काम खरं काय ते सांगणं हेच आहे, म्हणून तिच्यावर हुकूम चालता कामा नये. विद्यापीठात निदान एक तरी कोपरा असा हवा जिथे खरं बोलल्याबद्दल किंमत मोजावी लागत नाही. सव्वादोनशे वर्षांनंतर त्याच शाखेच्या प्रमुखाला सगळ्यात आधी खोटी हजेरी भरावी लागते, याची कल्पना त्याला नसावी.

'आधार' या नावाखाली प्रमुखांना प्रत्यक्षात काय मिळतं, तेही सांगतो. कार्यशाळा मिळते. एकदा मॅडमबरोबर मीही गेलो होतो, विषय होता कोर्स आउटकम कसे लिहावेत. व्याख्यात्यांनी सांगितलं की 'समजणे' हे क्रियापद वापरायचं नाही, कारण समजलं की नाही हे मोजता येत नाही. 'यादी करणे', 'वर्गीकरण करणे' असं लिहा. मॅडमनी हात वर केला. म्हणाल्या, "सर, तत्त्वज्ञानात समजण्याशिवाय दुसरं काही नसतं हो." सगळे हसले. व्याख्यातेही हसले आणि पुढच्या स्लाइडवर गेले. (ज्या ब्लूमच्या श्रेणीच्या नावाने हे चालतं तिच्या २००१च्या सुधारित आवृत्तीत 'समजणे' ही चांगली स्वतंत्र पायरी आहे. पण ते असो.)

त्या दिवसाचा उपयोग झाला नाही असं मात्र नाही. दुपारच्या चहाला चार-पाच छोट्या गावांतले प्रमुख एका झाडाखाली उभे होते. संस्कृतच्या एक बाई म्हणाल्या, "आमच्याकडे पटावर चौदा, येतात तीन." कुणीतरी म्हणालं, "उर्दूला तर..." आणि मग प्रत्येकाने आपापला खरा आकडा सांगितला. हळू आवाजात, इकडेतिकडे बघत. परतीच्या एसटीत मॅडम बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला वाटायचं मीच."

दिवसभरात आधार म्हणावं असं काही घडलं असेल तर ते त्या झाडाखाली. कुणी कुणाला सल्ला दिला नव्हता, प्रमाणपत्र तर नव्हतंच. फक्त खरा आकडा मोठ्याने बोलता आला. पण एसटीतून उतरल्यावर मॅडमना पुन्हा त्याच खोलीत, त्याच हजेरीपटाकडे जायचं होतं. झाडाखालच्या माणसांनी त्यांचं एकटेपण कमी केलं. रकाना तसाच राहिला.

म्हणून मला वाटतं, अशा माणसाला आधार देणं म्हणजे त्याला खरं बोलणं परवडेल असं करणं. आणि परवडणं हा शब्द मी पैशाच्याच अर्थाने वापरतोय. खऱ्या आकड्याची किंमत कुणाला तरी मोजावीच लागते. आज ती प्रमुखाने मोजावी, नाहीतर मुलांनी, अशी सोय आहे. 'सात आले' असं लिहिल्यावर जर उत्तर 'पद रद्द' असंच येणार असेल, तर प्रामाणिकपणावरची व्याख्यानं देणाऱ्याला काही नैतिक अधिकार उरत नाही. 'सात आले, पंचवीस फडावर आहेत' असं लिहिल्यावर 'मग त्या पंचविसांचं काय करू या?' असं उत्तर आलं, तर तो आधार. त्यासाठी प्रतिभा लागत नाही. वर बसलेल्या एका माणसाने प्रमुखाच्या सहीशेजारी आपली सही करायची, आणि गडबड झाली तर 'आम्ही दोघांनी लिहिलं' म्हणायचं, इथून सुरुवात होऊ शकते.

आमच्याच मराठवाड्यात असं काही होऊन गेलंय. १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढलं, पुढे ते मिलिंद म्हणून ओळखलं गेलं. शिकणारी मुलं कुठून येणार आणि काय घेऊन येणार हे संस्थेला पक्कं माहीत होतं, त्यांच्यासाठीच ते होतं. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं, मुलांनी ते केलं. तिथेच शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी पुढे 'अस्मितादर्श' उभं केलं. त्या काळाची आरती ओवाळायची नाही मला, तिथेही भांडणं असणारच. पण प्राचार्य नाटक लिहितो यात मला एक साधी गोष्ट दिसते : आपली मुलं कोण आहेत हे त्याला वरच्यांपासून लपवावं लागत नव्हतं. लपवण्यात जाणारा वेळ वाचला की माणूस नाटक लिहू शकतो.

मॅडम दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. जागा भरली गेली नाही. मी तासिकेवरचा, मला प्रमुख करता येत नाही, म्हणून चार्ज राज्यशास्त्राच्या सरांकडे आहे. माणूस चांगला आहे. "अरे, तू भरून ठेवत जा, मी सही करत जाईन," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणजे आता ज्याला माहीत आहे तो सही करत नाही, आणि जो सही करतो त्याला माहीत नाही. एका अर्थाने व्यवस्था आणखी पुढे गेली आहे. आता रथ खाली यायचा तर नेमका कुणाचा, हेही सांगता येणार नाही.

यंदा डिसेंबरात मी हजेरी भरली नाही. म्हणजे होती तशी भरली. पटावर २८, येणारे सहा ते नऊ. सोबत एका कागदावर बाकीच्यांची नावं, गाव, आणि कोण कुठल्या कारखान्याकडे गेलंय ते. सरांनी कागद दोनदा वाचला. "हे मी कुणाला दाखवू?" म्हणाले. रागावले नाहीत, खरंच विचारत होते. मला उत्तर सुचलं नाही. तुझीच तासिका जाईल हे तुला कळतंय ना, असंही त्यांनी विचारलं. कळतंय म्हणालो. घरी हे अजून सांगितलेलं नाही.

रात्री मॅडमना फोन केला. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी विचारलं, "कारखान्यांची नावं कुठून मिळवलीस?" मुलांना फोन करून, म्हटलं. थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्याकडे एक वही आहे. दरवर्षी लिहायचे मी. कोण कधी गेलं, कुठे गेलं, परत आलं की नाही."

मी म्हटलं, मॅडम, कधी बोलला नाहीत.

"कुणाला दाखवायची?" त्याही तेच म्हणाल्या. मग, "शेवटची दोन वर्षं नाहीयेत तिच्यात. कंटाळले होते रे."

रविवारी मी वही घ्यायला जाणार आहे. सरांना विचारलं, सोमवारी प्राचार्यांकडे बरोबर याल का. बघू म्हणालेत. हजेरीचा कागद त्यांच्या टेबलाच्या खणात आहे, अजून सही न केलेला.